कलेक्टरचा कावळा

सावरगाव,
२६ ऑगस्ट

सौ. मंगला हिला श्रावणदादाचा आशीर्वाद.

हे पत्र पांढुर्णा-सौंसर गाडीच्या गौतम कंडक्टरच्या हाती पाठवून राहिलो. डब्यात वर पोळ्याच्या करंज्या आहेत आणि खाली पत्र. करंज्या जावईबापूंना, भैय्याजींना दे. पत्र तू वाच आणि वाचून चुलीत टाक. तू म्हणशील, घरात फोन आहे, मग दादाला ही काय अवदसा आठवली. फोनवर बोलायची आता सोय नाही. पोलीस थान्यात मशीन आणलं म्हणतात, त्यात सगळ्या गावाचं बोलणं साठते. खरं की खोटं, मला माहीत नाही. मी चौथी शिकलेला माणूस. पण ज्याला भीती आहे त्याने खरंच धरून चालावं.

तुमच्या बोरगावात विमान पडलं, दोन जीव गेले, आणि ते तुझ्याच बगिच्याच्या वरच्या टेकडीवर पडलं, हे टीव्हीवर पाहिलं. तुम्ही दोघं नवरा-बायको सुखरूप आहात असं भैय्याजींनी सूनबाईला, वैशालीला, फोनवर सांगितलं तेव्हा मी पाणी प्यायलो. पण त्या विमानाची एक गोष्ट टीव्हीवर नाही. ती माझ्या छातीत बसली आहे.

ते आधी आमच्यावरून गेलं.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी गोटमार, हे तुला काय सांगायचं, तू याच गावची लेक. जाम नदीच्या पात्रात पळसाचं झाड रोवलं, त्याला झेंडा बांधला. अलीकडच्या काठावर आपलं सावरगाव, पलीकडच्या काठावर पांढुर्णा, आणि मधून दगड. सकाळपासून पाऊस भुरभुरत होता. ढग इतके उतरले होते की पलीकडच्या देवळाचा कळस दिसेना. यंदा कलेक्टरच्या साहेब लोकांनी भोंगा फिरवून सांगितलं होतं की गोफण चालवाल तर वरून कॅमेऱ्यात दिसाल, मग घरातून उचलू. पण पावसामुळे त्यांचे ते लहान ड्रोन उडलेच नाहीत.

दुपारी ढगातून घरघर आली. एक लहानसं पांढरं विमान ढगाच्या पोटातून निघालं. नदीवर आलं, एका बाजूला कललं, फिरलं आणि परत आमच्यावर आलं.

"आला पाहा कलेक्टरचा कावळा," कोणीतरी म्हटलं. दोन्ही काठांवर हशा पिकला. मंगला, जी दोन गावं त्या दिवशी एकमेकांची डोकी फोडतात, ती त्या घडीला एक झाली. इकडून दगड वर, तिकडून दगड वर. हातचे दगड किती जातात? परत आपल्याच लोकांच्या पाठीवर पडले. पण आपल्या चेतनने कमरेची गोफण सोडली. तुला माहीत आहे तुझ्या भाच्याचा हात. मक्यावर बसलेल्या थव्यातला नेमका पोपट उडवतो. त्याने दोन फेरे दिले आणि दगड सोडला. "लागला, टण्ण वाजलं," असं तो ओरडला आणि पोरांनी त्याला खांद्यावर घेतलं. विमान ढगात शिरलं आणि सौंसरच्या बाजूला गेलं. मीही हसलो.

संध्याकाळी बातमी आली.

तेव्हापासून चेतनचा तो दगड डोळ्यांसमोरून हलत नाही. आमच्या गल्लीतल्या प्रवीणने मोबाईलमध्ये सगळं काढलं आहे, त्यात चेतनचं तोंड दिसते, गोफण दिसते आणि वर विमान दिसते. मला एकच सांग. ते विमान तुझ्या बगिच्याजवळ पडलं आहे. तू जाऊन पाहा, त्याच्या पत्र्यावर कुठे दगडाची खूण आहे का. कोणाला विचारू नको. नुसतं पाहा आणि लिही.

तुझा दादा,
श्रावण


बोरगाव,
२९ ऑगस्ट

तीर्थरूप दादाला मंगलाचा नमस्कार.

करंज्या पोचल्या. एकीत सारण होतं तर दोघींत नुसती हवा होती, त्यावरून त्या तू केल्या हे यांनी ओळखलं. पत्र चुलीत टाकलं नाही, आमच्याकडे गॅस आहे. तांदळाच्या डब्यात ठेवलं आहे. तुझं मशीन तिथवर येत असेल तर येऊ दे.

आता थट्टा पुरे. त्या दिवशी मी बगिच्यात गळलेली संत्री वेचत होते. पावसाने हिरवी फळं सडा पडल्यासारखी गळतात, ती उचलली नाहीत तर किडा वाढतो. टेकडी ढगात बुडाली होती. वरची सागाची झाडं तर नाहीच, आमचा वरचा बांधही दिसत नव्हता. मला विमानाचा आवाज आला. एकदम भरून चाललेल्या थ्रेशरसारखा. तसाच भरलेला आवाज, कुठे न अडखळता, टेकडीकडे गेला, आणि मग फांद्या मोडल्या, एकामागे एक, आणि मग धप्प झालं. त्यानंतर फक्त पाऊस.

आम्ही दोघं वर गेलो. यांना ऐकू कमी येते, हे मला विचारत होते काय झालं, काय झालं, आणि मी नुसतं वर बोट दाखवत होते. एक मोठा माणूस होता, विमान चालवायला शिकवणारा. एक पोरगी होती, शिकणारी. दोघंही गेलेले होते. संत्र्याच्या गाडीवर टाकतो ती ताडपत्री मी आणली आणि पोरीवर घातली. तिच्या अंगावर पाऊस पडत होता ते मला पाहवेना. बाकी मी काही लिहीत नाही.

तू विचारलंस म्हणून खरं लिहिते. काल माणसांनी विमानाचं शेपूट ओढून खाली आणलं. त्याच्या कडेला पत्रा आत गेलेला आहे. पालथी वाटी दाबावी एवढा. कशाने गेला ते मला ठाऊक नाही, दादा. इतकं मोठं पडलं तर चेपणारच. तू लगेच जीव घाबरा करू नको.

गोळी वेळेवर घेत जा.

मंगला


सावरगाव,
३१ ऑगस्ट

मंगला,

वाटीएवढा. तू लिहिलंस वाटीएवढा. गोफणीचा दगड केवढा असतो हे तू विसरलीस काय? मी नदीवर गेलो, एक दगड उचलला आणि घरच्या वाटीत ठेवून पाहिला. बसला.

चेतनला मी मुलताईकडे पाठवला, वैशालीच्या माहेरी. तो जात नव्हता. म्हणे, "बाबा, म्या मारला हे समद्या गावानं पाह्यलं. पळून काय होते?" मी म्हटलं, "गावानं पाह्यलं, सरकारनं नाही पाह्यलं अजून." तर म्हणे, "मले एकच सांगा. तो लागला असन, तर दोन माणसं म्या मारली का?" मी त्याच्या पिशवीत भाकरी बांधली. जाताना तो मागे वळून पाहत नव्हता, त्याची मला जास्त भीती वाटली. हा पोरगा लहानपणापासून नाक्यावर वळून हात करतो.

गोफण जाळायला गेलो. पावसाने सुतळी ओली, ती जळेना, नुसता धूर झाला, शेजारी विचारू लागले. मग कुटाराच्या ढिगात खुपसली. आता वाटते बैल चारा खाताना ती ओढून बाहेर काढतील.

प्रवीणचा व्हिडिओ सगळीकडे गेला. काल मुलं पानठेल्यावर तो पाहत होती. कोणी म्हणे सावरगावचा एक माणूस विमान पाडतो, पांढुर्ण्याची काय बिशाद. आधी मला वाटलं हे कौतुक करून राहिले. मग मला पाहून सगळे गप्प झाले.

आता तू माझं एवढं ऐक. दिल्लीचे तपासणारे येतील. तू काही पाहिलं नाही, काही ऐकलं नाही. घरात होतीस, भांडी घासत होतीस. आवाज कसा होता, फांद्या कशा मोडल्या, काही सांगायचं नाही. एक शब्द सांगितला की दुसरा विचारतात, आणि दुसऱ्याच्या मागे तुझं माहेर निघते. तुझा भाऊ कोण, तुझा भाचा कोण. माझ्या गळ्याची शपथ आहे तुला.

श्रावण


बोरगाव,
६ सप्टेंबर

दादाला नमस्कार.

तुझी शपथ मी पाळली. कशी पाळली ते वाच.

तपासणारी बाई आहे. दिल्लीची. गमबूट घालून सकाळी टेकडीवर चढते ती दुपारी उतरते. सगळे तुकडे शाळेच्या मैदानात मांडले आहेत, जसे होते तसे, पुढचं पुढे, मागचं मागे, जणू विमान झोपलं आहे. रात्रंदिवस शिपाई आहे. ती बाई माझ्या अंगणात आली, खाटेवर बसली, मी दिलेली भाकर आणि ठेचा खाल्ला, डोळ्यांतून पाणी काढलं आणि अजून ठेचा मागितला. मला ती आवडली. मग तिने विचारलं, त्या वेळी तुम्ही कुठे होता. मी म्हटलं, घरात, भांडी घासत. काही ऐकलं? मी म्हटलं, पावसाचा आवाज होता.

तिने बगिच्याकडे पाहिलं. वरच्या बांधापाशी माझी टोपली अजून तशीच पालथी पडली होती, अर्धी संत्री सांडलेली. मग ती आभार मानून गेली.

त्याच्या दुसऱ्या दिवशी पोरीचा बाप आला. पोरीचं नाव प्रियंका. अकोल्याकडचे लोक आहेत, आपल्यासारखेच. साधा माणूस, हातात छत्री, पण उघडत नव्हता. ताडपत्री कोणाची म्हणून शोधत आला होता. मला म्हणाला, "बाई, तुम्ही तिच्यावर पांघरूण घातलं म्हणतात." मी मान हलवली. मग म्हणाला, "तुम्ही काही ऐकलं का? ती ओरडली का? मशीन बंद पडलं होतं का? लोक म्हणतात पोरगी चालवत होती, पोरीनेच चूक केली. मला एवढंच पाहिजे, की मशीन बिघडलं का माझी पोरगी चुकली."

दादा, मला ऐकू आलं होतं. शेवटपर्यंत भरलेला आवाज होता, आणि माणसाचा आवाज अजिबात नव्हता. एवढं सांगायला किती वेळ लागतो? मी म्हटलं, मी घरात होते.

त्याने छत्री एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. मग म्हणाला, "बरं." आणि गेला.

मला तुझ्या शपथेतून मोकळी कर. मी तुझी बहीण आहे, पण त्या माणसाचं तोंड तू पाहिलं नाहीस.

मंगला


सावरगाव,
९ सप्टेंबर

मंगला,

तुझं पत्र आलं त्याच दिवशी मला थान्यात नेलं. शर्ट बदलायलाही वेळ दिला नाही. बाकावर बसवलं. मारलं नाही, ओरडले नाहीत, चहाही दिला, पण थान्याचे मोठे टीआय साहेब पुन्हा पुन्हा एकच विचारत होते, "लडका भागा क्यूं, बाबा?" मी म्हटलं, भागला नाही, सासुरवाडीला गेला. ते म्हणाले, गोटमारच्या दिवशी शंभर जणांनी दगड वर फेकले, नव्याण्णव घरीच आहेत. तुमचाच तेवढा सासुरवाडीला कसा गेला? मंगला, त्याला मी पाठवलं. तो राहिला असता तर शंभरातला एक राहिला असता.

आता गावही फिरलं. ज्या पोरांनी त्याला खांद्यावर घेतलं ती म्हणतात, आम्ही तर गंमत करत होतो, गोफण फक्त त्याचीच होती. प्रवीण माझ्याकडे येऊन म्हणाला, "काका, तो व्हिडिओ म्या मिटवला." मी म्हटलं, "साऱ्या जिल्ह्यानं पाह्यल्यावर मिटवला, लय उपकार केले." नदीपलीकडचे लोक तर आमच्या गावाला विमानपाडे म्हणू लागले.

पण ही काहीच भीती नाही. खरी भीती पुढे आहे. वैशालीच्या माहेरून फोन आला. चेतन तिथे नाही. परवा सकाळी चप्पल घालून निघाला, फिरून येतो म्हणाला, तो आलाच नाही. मोबाईल तिथेच उशाखाली सापडला. तिकडे विहिरी भरलेल्या आहेत, रेल्वे आहे. वैशाली दाराच्या आत बसते आणि बाहेर चप्पल वाजली की उठते. मी तिच्याकडे पाहू शकत नाही.

तू गप्प राहा. अजून थोडे दिवस. तो सापडेपर्यंत कोणी काही बोललं आणि त्याच्या कानावर गेलं, की तुझ्याच दगडाने मेले, तर तो काय करून घेईल? तू मोकळी कर म्हणतेस. कशी करू? अक्षर वाचता येत नसेल तर भैय्याजींना विचारू नको, तूच लाव.

श्रावण


बोरगाव,
१३ सप्टेंबर

दादाला नमस्कार.

चेतन माझ्याकडे आहे. तुला फोनची भीती, म्हणून पत्राच्याच पहिल्या ओळीत लिहिलं, आता बस आणि पाणी पी. वैशालीला आधी सांग, मग पुढचं वाच.

तो बसने आला नाही. कसा कसा आला, कुठे थांबला, सांगत नाही. घरी न येता आधी टेकडीवर गेला. तिथे मोडलेल्या सागापाशी बसला होता, यांना दिसला. यांनी त्याला हाताला धरून आणला आणि मला म्हणाले, "तुया भाचा भेटला. उपाशी आहे." त्यांना बाकी काही माहीत नव्हतं. बरं झालं, ऐकू कमी येते.

जेवल्यावर तो म्हणाला, "आत्या, मले त्या बाईकडे ने."

मी म्हटलं, "तुया बापानं मले शपथ घातली आहे."

तो म्हणाला, "बाबाची शपथ बाबाच्या भीतीची आहे. माह्या काय कामाची?"

मग मी शपथ मोडली, दादा. तुझ्या गळ्याला काही झालं नाही ना? आम्ही शाळेच्या मैदानावर गेलो. चेतनने सगळं सांगितलं, गोफण, दगड, टण्ण. एक अक्षर लपवलं नाही. मीही सांगितलं की मी घरात नव्हते, बगिच्यात होते, आणि आवाज शेवटपर्यंत भरलेला होता. बाई म्हणाली, "टोपली मी पाहिली होती. तुम्ही याल असं वाटत होतं. हे आधी सांगितलं असतं तर या पोराला इतके दिवस वनवास झाला नसता."

मला कळेना. मग तिने विमानाच्या तोंडाचा पंखा दाखवला. पंखा थांबलेला असता तर पाती सरळ राहिली असती, नाहीतर मागे दबली असती. ही दोन्ही पाती टोकाला पिळून पुढे वळली आहेत. म्हणजे तो जोरात फिरत होता, आणि माझ्या कानांनीही तेच ऐकलं. मशीनला काहीही झालं नव्हतं. ते दोघं ढगाखालून रस्ता शोधत होते, ढग टेकडीवर बसला होता, आणि टेकडी त्यांना दिसली नाही. समजलं तुला? तू जो आवाज मला गिळायला लावलास, त्याच आवाजात चेतनची सुटका होती.

वाटीएवढी चेप तिने चेतनला बोट घालून पाहायला लावली. आत सागाची साल चिकटून होती. दगडाबद्दल ती म्हणाली की ढग उतरले की वरची वस्तू डोक्यावर आल्यासारखी वाटते, पण ते विमान तुमच्या गोफणीच्या किती तरी वर होतं. अजून मोठा कागद दिल्लीहून यायचा आहे, वेळ लागेल, पण दगडाने विमान पडलं नाही हे ती आजच सांगते. टीआय साहेबांनाही तिने कळवलं. गोफणीचा गुन्हा लागेल तेवढा लागेल.

प्रियंकाच्या बापाला मी यांच्या फोनवरून फोन केला. सांगितलं की मशीन चालू होतं, कोणी ओरडलं नाही, क्षणात झालं, ढगात टेकडी कोणालाच दिसली नसती. आणि आधी खोटं बोलले हेही सांगितलं. त्याने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "तुम्ही फोन केला ते बरं झालं." रागावला असता तर मला हलकं वाटलं असतं.

एक गोष्ट राहिली. लिहू का नको, असं होते. पण चेतनने ऐकली आहे, आणि तू त्याचं तोंड पाहून मला विचारशीलच.

ते आपल्या गावावर फिरलं ते का फिरलं, हे मी बाईला विचारलं. खूप उंचावरून दुसरं एक विमान जात होतं, त्यातल्या लोकांनी या लहान विमानातल्या दोघांचं रेडिओवरचं बोलणं ऐकलं होतं. हवामान बिघडलं तर लहान विमान मोकळ्या जागेत उतरवतात. नदीकाठचं आपलं मैदान त्यांना वरून दिसलं. उतरायचं म्हणून खाली आले. मग पोरगी बोलली. बाईने ते मला शब्दाला शब्द सांगितलं.

"खाली खूप माणसं आहेत, सर. हात हलवत आहेत. इथे नको, कोणाला तरी लागेल. पुढे बघू."

चेतन ते ऐकून खाली बसला. त्या रात्री जेवला नाही. उद्याच्या गाडीने गौतमसोबत पाठवते. त्याला काही विचारू नको.

मंगला


सावरगाव,
४ ऑक्टोबर

सौ. मंगला हिला आशीर्वाद.

इतके दिवस लिहिलं नाही, कारण लिहायला बसलो की त्या पोरीचं बोलणं समोर येते. दोन-तीन वेळा कागद घेतला आणि ठेवला. हे पत्र चुलीत टाकायची गरज नाही. फोनवरही बोलता आलं असतं, पण मला आता पत्रातच बोलायची सवय लागली.

चेतन घरी आहे. गोफणीचा गुन्हा लागला, पांढुर्ण्याच्या कोर्टात तारीख पडेल. ते त्याने केलं आहे, ते आम्ही भोगू. त्या टण्णचाही पत्ता लागला. प्रवीणच्या नदीकाठच्या गोठ्याचं टिन गळत होतं, तो दुरुस्त करायला वर चढला, तर तिथे नदीचा गोल दगड पडलेला आणि खाली टिनाला खड्डा. त्याने दगड आणून चेतनच्या हातात दिला. "घे बे, तुयं विमान," म्हणाला. हसवायला म्हणाला, मनाचा वाईट नाही. चेतनने दगड घेतला, नदीवर गेला आणि पाण्यात सोडून आला. फेकला नाही. वैशाली मागून गेली होती, तिने पाहिलं.

गाव आता मोकळं झालं. दगड लागलाच नाही, म्हणून सगळे सुटले. पानठेल्यावर पुन्हा हसतात. पण मला हसता येत नाही, मंगला. मी आधी भीत होतो की आपण त्यांना पाडलं. आता तसं नाही, पण भीती गेली नाही, तिने नुसती जागा बदलली. मी बसून विचार करतो. आम्हाला वाटलं ते आम्हाला पकडायला आलं. त्यांना वाटलं आम्ही हात हलवतो. नदीच्या दोन काठांवर इतकी माणसं उभी होती. त्यातल्या एकाच्याही मनात आलं नाही की या ढगात हे बापडं वाट चुकलं असेल. आणि ती पोरगी म्हणाली, कोणाला तरी लागेल. आमच्यावर उतरली नाही. आपण तिथे नसतो, मैदान रिकामं असतं, तर ती उतरली असती का? हे त्या बाईला विचारू नको. मला उत्तर नको आहे.

मक्यावर पोपट बसतात. चेतन आता डबा वाजवतो. निम्मं पीक खाऊन गेले. कुटारातली गोफण मी पुन्हा शोधली नाही, बैलाने ओढली का वैशालीने काढली, मी विचारत नाही.

परवा पाऊस परत आला. ढग तसेच खाली, पलीकडचा कळस दिसेना. मी ओट्यावर गोळी घेत होतो, तर वर घरघर आली. माझ्या हातातलं पाणी सांडलं. चेतन गोठ्यात होता. तो धावत अंगणात आला. वर काहीच दिसत नव्हतं, नुसता पांढरा ढग. त्याने दोन्ही हात वर केले, बोटं पसरून, तळवे उघडे, आणि हलवू लागला. पावसात तसाच. आवाज नागपूरकडे दूर गेला, बंद झाला, तरी त्याचे हात खाली येईनात.

मी जवळ गेलो. मग मीही माझे हात वर केले. तुला माहीत आहे, माझा उजवा खांदा धरलेला आहे, पूर्ण वर जात नाही. जेवढा गेला तेवढा केला.

तुझा दादा,
श्रावण